१,८४७ ‘प्रॉब्लेम’ दाखवणारं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं की काढून टाकायचं?

मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे: उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पॅनकार्ड, पेन्शनरांचं जीवन प्रमाणपत्र. डेस्कटॉप आठ-नऊ वर्षांचा आहे. त्यात विंडोज १०, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची साधी हार्डडिस्क. सकाळी चालू केला की पंधरा मिनिटं जागचा हलत नाही आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत बसतं. भाच्याने इंटरनेटवरून एक फुकटचा ‘पीसी क्लीनर’ टाकून दिला. त्याने स्कॅन करून लाल अक्षरांत १,८४७ प्रॉब्लेम दाखवले आणि ते दुरुस्त करायचे तर वर्षाला २,४९९ रुपये भरा म्हणाला. पैसे भरावेत का, की याहून चांगला दुसरा क्लीनर आहे, असं ताई विचारतात.

ताई, पैसे भरू नका आणि दुसरा क्लीनरही शोधू नका. तुमचा कॉम्प्युटर स्लो आहे हे खरं आहे, पण तो ज्या कारणाने स्लो आहे ते कारण या १,८४७ मध्ये कुठेच नसणार. नागपुरात दुकानं, शाळा, सीएंची ऑफिसं यांचे कॉम्प्युटर सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. अशा सॉफ्टवेअरने एखादी मशीन खरोखर आणि टिकाऊपणे वेगवान झाली, असं उदाहरण माझ्यासमोर आलेलं नाही. त्याने बंद पाडलेली कामं मात्र मी सारखी निस्तरत असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो आकडा कसा तयार होतो ते बघा. तुम्ही एखादी बातम्यांची वेबसाइट उघडली की ब्राउझरमध्ये डझनावारी कुकीज येऊन बसतात. क्लीनर यातली प्रत्येक कुकी वेगळा ‘प्रॉब्लेम’ म्हणून मोजतो. ब्राउझरने साठवलेली चित्रं, विंडोजच्या तात्पुरत्या फायली, कधीतरी काढून टाकलेल्या प्रिंटरची रजिस्ट्रीत उरलेली नोंद, डेस्कटॉपवरचा एखादा मेलेला शॉर्टकट, हे सगळं त्याच यादीत एकेक करून येतं. नुकतंच फॉरमॅट मारून कोरं विंडोज टाकलेल्या मशीनवर असला क्लीनर चालवला, तरी तो शेकड्यांनी चुका काढून दाखवतो. संख्या मोठी असली की माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस पैसे भरतो, एवढाच त्या आकड्याचा उपयोग.

हा माझा एकट्याचा संशय नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो ही स्टेशनरी आणि कॉम्प्युटर विकणारी मोठी साखळी आहे. तिच्या दुकानांत गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर ‘पीसी हेल्थ चेक’ नावाच्या प्रोग्रामने फुकट तपासून द्यायचे. तपासणीच्या सुरुवातीला गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारायचे: मशीन स्लो झाली आहे का, पॉपअप येतात का, व्हायरसच्या सूचना येतात का, सारखी बंद पडते का. यातल्या एकाला जरी ‘हो’ अशी टिक झाली, तरी प्रोग्राम शेवटी मालवेअरची लक्षणं सापडल्याचं दाखवायचा. स्कॅनमध्ये काय मिळालं याच्याशी त्या निकालाचा संबंधच नव्हता. मग दुरुस्तीची सेवा गळ्यात मारायची, तिचं बिल ३०० डॉलरपर्यंत जायचं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने हे प्रकरण बाहेर काढलं. मार्च २०१९ मध्ये ऑफिस डेपोने २ कोटी ५० लाख डॉलर आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने १ कोटी डॉलर भरून ते मिटवलं. मार्च २०२४ मध्ये याच कमिशनने रीस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या दोन कंपन्यांकडून २ कोटी ६० लाख डॉलर भरून घेतले. त्यांची तऱ्हा अशी: मायक्रोसॉफ्टकडून आल्यासारखा पॉपअप, खोटं स्कॅन, त्यावर सॉफ्टवेअरची विक्री आणि नंतर फोनवर बोलावून आणखी महाग ‘टेक्निशियन सेवा’. नावं बदलतात, रीत तीच राहते. तुमच्या स्क्रीनवर स्कॅननंतर एखादा फोन नंबर दिसत असेल, तर त्यावर चुकूनही फोन करू नका.

आता रजिस्ट्रीबद्दल, कारण क्लीनरचा सगळ्यात जास्त भर तिच्यावरच असतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोजने आणि प्रत्येक प्रोग्रामने आपापल्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवल्या आहेत तो डेटाबेस. त्यात लाखो नोंदी असतात. विंडोज ती सगळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही, हवी ती नोंद थेट उचलतं. त्यामुळे जुन्या प्रोग्रामच्या हजार-दोन हजार नोंदी पडून राहिल्या तरी वेगात फरक पडत नाही. त्यांचा आकार मोबाइलवर काढलेल्या एका फोटोएवढाही भरत नाही. फायदा काहीच नाही, धोका मात्र खरा आहे. कोणती नोंद निरुपयोगी हे क्लीनर अंदाजाने ठरवतो. तुमचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन (पेनड्राइव्हसारखं सहीचं उपकरण) त्या क्षणी लावलेलं नसेल, तर त्याच्या ड्रायव्हरची, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामची, नोंद क्लीनरला अनाथ वाटू शकते. रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर आम्ही मान्य करत नाही आणि त्यांच्यामुळे बिघाड झाल्यास विंडोज पुन्हा टाकायची वेळ येऊ शकते, हे खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलं आहे.

‘रॅम बूस्टर’चं बटण यापेक्षा जास्त फसवं आहे, कारण ते दाबल्यावर खरंच आकडा खाली येतो. ८५ टक्के वापर दिसत होता, दाबलं की ५० दिसतो आणि बरं वाटतं. आत काय होतं? बूस्टर चालू प्रोग्रामना रॅम सोडायला भाग पाडतो. त्यांचा डेटा रॅममधून निघतो आणि त्यातला बराचसा हार्डडिस्कवरच्या पेजफाइलमध्ये (रॅममधला डेटा तात्पुरता ठेवायच्या फाइलमध्ये) जाऊन पडतो. मग तुम्ही क्रोमच्या टॅबवर क्लिक केलं की तोच डेटा डिस्कवरून परत आणावा लागतो, आणि साध्या हार्डडिस्कवर ते काम फार हळू चालतं. म्हणजे ज्या मशीनचा त्रास मुळात डिस्कचा आहे, तिच्या डिस्कवरच आणखी ओझं. विंडोज मोकळी रॅम मुद्दाम कॅशसाठी वापरतं आणि एखाद्या प्रोग्रामला गरज पडताच सोडून देतं. रॅम भरलेली दिसणं हा आजार नाही.

तुमच्या धंद्याला सगळ्यात जास्त मार बसतो तो क्लीनरमधल्या ‘नको असलेल्या सर्व्हिसेस बंद करा’ या भागाचा. सर्व्हिसेस म्हणजे न दिसता मागे चालू असणारे प्रोग्राम. मागे एका नोव्हेंबरात हनुमाननगरातल्या एका सेंटरवरून फोन आला. जीवन प्रमाणपत्रासाठी पेन्शनर काका-काकूंची रांग लागलेली आणि अंगठ्याची मशीन ‘डिव्हाइस नॉट रेडी’ म्हणत होती. सेंटरवरच्या मुलाने मशीन काढून लावली, दुसऱ्या यूएसबीत लावली, केबल बदलली. लाइट तर पेटत होता. मी सर्व्हिसेसची यादी उघडली, तर अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (मशीनवरचा ठसा आधारच्या पडताळणीसाठी देणारा प्रोग्राम) ‘डिसेबल्ड’ होती. आदल्या दिवशी कुणीतरी ऑप्टिमायझरचं ‘टर्बो’ बटण दाबलं होतं. आधारची पडताळणी करताना ब्राउझर त्याच कॉम्प्युटरवर ११,१०० ते ११,१२० या पोर्टमध्ये आरडी सर्व्हिस ऐकते आहे का ते शोधतो. सर्व्हिसच बंद असेल तर त्याला मशीन सापडणार कुठून? स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ केला, सर्व्हिस चालू केली आणि काम सुरू झालं. दुरुस्तीला वेळ लागला नाही, पण काठी टेकत आलेली माणसं तोवर दोन तास बसून होती. जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करायला लागणाऱ्या एमसाइनरचंही असंच आहे. तो मागे गुपचूप चालू असावा लागतो. ऑप्टिमायझरला तो ‘स्टार्टअपचं ओझं’ वाटतो, मग रिटर्नच्या शेवटच्या तारखेला सही होत नाही आणि लोक पोर्टलला शिव्या देत बसतात.

ड्रायव्हर अपडेट करून देणाऱ्या प्रोग्रामबद्दल थोडक्यात: टाकू नका. नीट चालणारा ड्रायव्हर बदलायचं कारण नसतं. गरज पडलीच तर विंडोज अपडेटमधली ‘ऑप्शनल अपडेट्स’ बघावीत किंवा मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर घ्यावा. स्कॅनर आणि अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर त्या-त्या कंपनीकडूनच.

“मग नावाजलेला क्लीनर वापरला तर?” असं बरेच जण विचारतात. सीसीक्लीनर हे या प्रकारातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव, आणि अनेक वर्षं ते बऱ्यापैकी साधं आणि सरळ सॉफ्टवेअर होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीनिशी बाहेर पडली, आणि तिच्यात हल्लेखोरांनी घुसवलेला कोड होता. सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर ती पोहोचली. १८ सप्टेंबरला हे जाहीर झालं. हल्लेखोरांचा खरा रोख मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर होता, सामान्य माणसाचं नुकसान त्या मानाने कमी झालं. पण यातून घ्यायची गोष्ट उघड आहे. असलं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे हक्क घेऊन चालतं, सतत चालू असतं आणि स्वतःहून अपडेट होतं. त्यात काही शिरलं तर ते थेट तुमच्या तिजोरीपाशी पोहोचतं. आणि ताई, तुमच्या कॉम्प्युटरवर फक्त तुमचा डेटा नाही. शेकडो लोकांची आधार आणि पॅनकार्डं, बँक पासबुकांची पहिली पानं, शाळकरी मुलांचे फोटो आहेत. त्यांनी विश्वासाने दिलेल्या कागदांजवळ कुठलंही अनोळखी सॉफ्टवेअर बसवू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

म्हणून पहिलं काम: तो क्लीनर काढा. सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये जाऊन अनइन्स्टॉल करा. जाताना तो ‘धोका आहे, ५० टक्के सूट घ्या’ वगैरे दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नका. त्याच तारखेला आलेलं दुसरं काही दिसतं का तेही पाहा, कारण अशा प्रोग्रामसोबत एखादा ब्राउझर, एखादा ‘ड्रायव्हर अपडेटर’, एखादं ‘सर्च’ एक्स्टेन्शन हमखास येतं. क्रोममधली एक्स्टेन्शन्स तपासा. मग टास्क शेड्यूलरमध्ये त्याच्या नावाचं काही उरलं आहे का बघा, कारण अनइन्स्टॉल केल्यावरही रोज सकाळी जाहिरात उघडणारं टास्क मागे राहू शकतं. शेवटी विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचं फुल स्कॅन करा. खात्री नसेल तर ऑफलाइन स्कॅन निवडा. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. आणखी हवं असेल तर सायबर स्वच्छता केंद्र आहे. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने ते २०१७ मध्ये सुरू केलं आणि तिथे मालवेअर काढायची टूल्स मोफत मिळतात.

तुम्ही पैसे भरलेले नाहीत हे उत्तम. पण वाचणाऱ्यांपैकी कुणी भरले असतील, तर यूपीआय ॲपमधलं ऑटोपे आणि कार्डावरचे मँडेट आजच बघा. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापायचे असतील तर बँकेने ग्राहकाला किमान २४ तास आधी कळवायचं असतं. तो मेसेज आपण वाचत नाही आणि वर्षभराने पुन्हा तेवढीच रक्कम जाते. फोनवरच्या कुणाला एनीडेस्कसारख्या ॲपमधून कॉम्प्युटर हाताळू दिला असेल, तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेचे आणि पोर्टलचे पासवर्ड बदला, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर तक्रार करा. तिथे उशीर केला की रक्कम थांबवणं अवघड होत जातं.

आता खऱ्या कारणाकडे येऊ. उद्या सकाळी कॉम्प्युटर चालू करा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘मोअर डिटेल्स’ दिसलं तर त्यावर क्लिक करा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जा आणि डाव्या बाजूला ‘डिस्क’ निवडा. माझा अंदाज असा की ‘ॲक्टिव्ह टाइम’ १०० टक्क्यांवर चिकटलेला दिसेल आणि खाली वाचण्याचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. डिस्क पूर्ण राबते आहे आणि तरी काम होत नाही, असा याचा अर्थ. हार्डडिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि वाचणारा दांडा जागच्या जागी सरकत राहतो. सलग मोठी फाइल ती सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली वेगवेगळ्या जागी असतात. दांड्याचा सगळा वेळ इकडून तिकडे जाण्यात संपतो. तिथेच ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ लिहिलेला असतो. दहा-वीस मिलिसेकंद ठीक, सतत शेकड्यांत असेल तर डिस्क अडखळते आहे.

हे दिसलं तर उपाय एकच आहे: एसएसडी. त्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे बारीक फायली शोधायला वेळ जात नाही. जुन्या मशीनला साधी २.५ इंची साटा एसएसडी चालते, सलग वेग सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास मिळतो. तुमच्या विंडोजला आणि कामाला २५६ जीबी पुरे. ते २,४९९ रुपये एसएसडीकडे वळवा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, घ्यायला जाल तेव्हा वॉरंटी असलेला ओळखीचा ब्रँड पक्क्या बिलासकट घ्या. पेटी नसलेली, स्टिकर लावलेली स्वस्त एसएसडी नको. पंधरा मिनिटांचं सुरू होणं यातून एखाद-दीड मिनिटावर येतं. दुसरा कुठलाही खर्च एवढा फरक पाडत नाही.

पण एसएसडीच्याही आधी एक काम करायचं आहे. जुनी डिस्क मरायला टेकली आहे का ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते बनवणाऱ्याच्याच वेबसाइटवरून घ्या, आणि त्या पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेल्या जाहिरातींची बटणं असतील तर ती टाळा. ते डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी वाचतं. वर निळ्या रंगात ‘गुड’ दिसलं तर बरं. पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दिसलं किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’पुढे शून्याशिवाय काही असलं, तर डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेल्या फायली सलग लावणं), स्कॅन, सफाई काहीही करू नका. सगळ्यात आधी गिऱ्हाइकांच्या फायली, टॅलीचा डेटा असेल तर तो, आणि डिजिटल सिग्नेचरशी संबंधित जे असेल ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. अशा डिस्कवर क्लीनरचं तासभराचं ‘डीप स्कॅन’ चालवलं तर ती त्यातच कायमची जाऊ शकते. मग डेटा परत काढून देणारे मागतील तेवढे पैसे द्यावे लागतात.

डिस्क ठीक असून त्रास दुपारी वाढत असेल, तर मग आपलं नागपूरचं ऊन बघा. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, दुकानाला पत्र्याचं छत असेल तर आत त्याहून जास्त. कॅबिनेट खाली जमिनीवर, बाजूला डेझर्ट कूलर. कूलरची ओली हवा आणि रस्त्यावरची धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत जाड थर बसतो. तो झटकून निघत नाही. हवा आत जात नाही, प्रोसेसर तापतो आणि साधारण १०० अंशांच्या जवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा ‘स्पीड’ बघा. काम चालू असताना तो ३ गिगाहर्ट्झवरून एकच्या खाली आला असेल, तर हेच कारण समजा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, असे कॉम्प्युटर रांगेने दुरुस्तीला येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी क्लीनर विकत घेतलेला असतो. उपाय: लाइट बंद करून, प्लग काढून, कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढा. तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवा, जोरात फिरला तर बेअरिंग खराब होतं. मशीन जुनी आहे म्हणून थर्मल पेस्ट एकदा बदलून घ्या, ते काम माहितगाराकडूनच. कॅबिनेट जमिनीपासून फूटभर वर ठेवा आणि कूलरचा झोत त्यावर येऊ देऊ नका. दिवाळीच्या साफसफाईला हे करतात, पण नागपुरात ते होळीनंतर लगेच करायला हवं. दुकानात यूपीएस नसेल तर तोही घ्या. उन्हाळ्यात लाइन जाते-येते, आणि चालू हार्डडिस्कची वीज अचानक जाणं तिला फार वाईट.

राहिली किरकोळ कामं. ती विंडोजमध्येच होतात, फुकट.

टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’मध्ये जा आणि ‘हाय इम्पॅक्ट’ लिहिलेल्यांतलं जे तुम्ही वापरत नाही ते डिसेबल करा: टीम्स, स्काइप, टॉरेन्ट, गाण्यांची ॲप्स, प्रिंटरचं ‘इंक मॉनिटर’. अंगठ्याची मशीन, सही आणि मराठी टायपिंग यांच्याशी संबंधित काहीही बंद करू नका. नाव ओळखीचं नसेल तर राहू द्या. अँटिव्हायरस एकच ठेवा. मुदत संपलेला जुना एखादा पडून असेल तर काढून टाका, डिफेंडर आपोआप जागा घेतो.

जागा मोकळी करायची तर सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. तुमच्यासारख्या दुकानांत गिऱ्हाइकांचे दाखले आणि पावत्या तिथेच पडलेल्या असतात, आणि तिथे टिक असताना ‘रिमूव्ह’ दाबलं तर सगळं जातं. स्टोरेज सेन्स चालू केलंत तर त्यातही डाउनलोड्सपुढे ‘नेव्हर’ असू द्या. डीफ्रॅग हाताने करायची गरज नाही. विंडोज आठवड्यातून एकदा स्वतः करतं आणि एसएसडी असली तर तिला योग्य तेच करतं. सारखा एरर येत असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow) ही कमांड चालवून घ्या, ती विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करते.

एक सवय बदला. तुम्ही रोज रात्री शटडाउन करून मेन स्विच पाडत असाल. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन केल्याने विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ बघा, रोज बंद करूनही तिथे वीस-बावीस दिवस दिसतील. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करा. शिवाय रात्री व्हायची अपडेट्स आणि तपासण्या मशीन बंद असल्यामुळे सकाळी गिऱ्हाइकाच्या वेळेलाच सुरू होतात. जेवणाच्या सुट्टीत मशीन चालूच ठेवलीत तर ती तेव्हा उरकून घेते.

विंडोज १० चा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेट्सची वाढीव योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये तिची नोंदणी दिसते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती मोफत होते. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमच्या मशीनचं वय बघता ती या अटीत बसेल असं वाटत नाही. म्हणून आज फार खर्च करू नका. एसएसडी घ्या, ती पुढच्या मशीनमध्येही कामी येते. रॅम जुन्या डीडीआर३ प्रकारची असेल, तर ती नव्यात चालणार नाही. तेव्हा सेकंडहँड ४ जीबीची पट्टी मिळाली तरच टाका. आणि कुणी ‘ॲक्टिव्हेटर’ने विंडोज ११ टाकून देतो, फक्त डिफेंडर बंद करावं लागेल म्हणाला, तर त्याला मशीनला हात लावू देऊ नका.

नवी डिस्क बसल्यावर जुनी भंगारवाल्याला किंवा ओएलएक्सवर देऊ नका. तिच्यावर लोकांची कागदपत्रं आहेत, फॉरमॅट मारल्यावरही ती परत काढता येतात. डिस्क चांगली असेल तर बॅकअपसाठी ठेवा, खराब असेल तर ड्रिलने तबकड्यांना आरपार भोकं पाडून मगच टाका.

आता मला काही आकडे कळवा. सकाळी चालू केल्यावर पाचव्या मिनिटाला डिस्कचा ॲक्टिव्ह टाइम आणि रिस्पॉन्स टाइम किती, क्रोममध्ये तुमचं नेहमीचं पोर्टल उघडल्यावर मेमरी किती टक्के, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पेंडिंग सेक्टरपुढे काय लिहिलं आहे. शिवाय मदरबोर्डचा किंवा डेस्कटॉपचा मॉडेल नंबर. त्यावरून एसएसडीसोबत रॅम घ्यायची की नाही, आणि क्लोन करायचं (जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवायची) की विंडोज नव्याने टाकायचं, ते सांगतो.